पाट्यावरचा पिवळा

मी पाटा. वाटण वाटायचा, काळ्या दगडाचा, हातभर लांब. दगडाला कसली आली काळजी, असं तुम्ही म्हणणार. म्हणा बापडे. पण मी जन्माचा भित्रा आहे, आणि हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

ही धास्ती मला पाथरवटाने लावली. पालीजवळच्या डोंगरात त्याने मला फोडून काढलं, तेव्हा माझ्या शेजारचे दोन दगड मधोमध तडकले होते. मग माझ्यावर छिन्नी ठेवली की तो दर घावाला पुटपुटायचा, "तडकू नको रे बाबा, तडकू नको." आता सांगा, जन्मताच कानावर हे पडलं तर कुणाची छाती धडधडणार नाही?

तडकलो नाही. पालीच्या माघातल्या जत्रेत मला आणि माझ्या वरवंट्याला एका गोणपाटावर मांडलं. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीची ती जत्रा. येणाऱ्या बायका मला वाकून वाकून बघायच्या, बोटाने टिचकी मारायच्या, "खडा निघंल का हो याचा?" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. संध्याकाळी एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. त्यांनी टिचकी मारली नाही. मला तिरपं धरून माझ्यावर ऊन कसं पडतं ते पाहिलं आणि लगेच घेऊन टाकलं. घासाघीससुद्धा केली नाही. पाथरवट मागून कितीतरी वेळ हसत होता.

ते बाळाजी मास्तर. मुंबईच्या शाळेत चित्रकला शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते आणि चौलच्या आपल्या घरी राहायला निघाले होते. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. रोह्यापर्यंत बैलगाडीतून आणि तिथून खाडीने होडीतून मी रेवदंड्याला उतरलो. त्या होडीत मी किती वेळा बुडालो म्हणून सांगू! मनातल्या मनात हो.

चौलच्या घरी स्वयंपाकाला ठमाबाई होती. तेव्हा ती ठमीच होती, वीस-बावीस वर्षांची. नवरा सदू मास्तरांच्या सुपारीच्या वाडीत शिंपण करायचा आणि दोघं वाडीच्या कडेला खोपटात राहायची. तिने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, पाटा आनलात का चौथरा? उचलायला चार माणसं लागतील."

"अगं, दगड बघ किती सुंदर आहे."

"सुंदर हाय, पन कालवण वाटायचंय ना ह्याच्यावर?"

वाटलं. रोज वाटलं. ओलं खोबरं, मिरची, लसूण, आणि भिजवलेलं हळकुंड. हळकुंड वाटताना माझ्या बारीक खड्ड्यांतून पिवळा ओघळ निघायचा, आणि स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं ते नेमकं त्याच्यावर. मास्तर चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभे राहायचे आणि बघत राहायचे. चहा निवून जायचा.

"मास्तर, वाटण बगताय का माश्या मोजताय?" ठमाबाई म्हणायची.

मास्तर माडीवर जायचे. त्यांचे रंग मुंबईहून पार्सलाने यायचे, शिशाच्या छोट्या नळ्यांत. माझ्यावर त्यांनी आयुष्यात एकही रंग वाटला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच झाला.

त्याच वर्षी श्रावणात ठमाबाईला मुलगी झाली. त्याआधीचं तिचं पहिलं मूल आठवडाभरही जगलं नव्हतं. हे दुसरं. पाचव्या दिवशी ती मास्तरांना म्हणाली, "पाटा द्या सांजंला, पाचवी पुजायचीय." आमच्याकडे बाळाच्या पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत असेलच. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. मास्तरांनी मला स्वतः उचलून तिच्या खोपटात नेऊन ठेवलं. मला हळद लागली, कुंकू लागलं, पुढे दिवा लागला.

मी तर गारठलोच. सगळी माणसं माझ्याकडे बघून हात जोडत होती आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, मी दगड आहे! गेल्याच आठवड्यात ह्याच अंगावर बोंबलाचं वाटण होतं!

पण पोरगी जगली. तिचं नाव मैना. मग ठमाबाईला तीन मुलगे झाले, तिघांची पाचवी माझ्यावरच, आणि तिघेही धट्टेकट्टे. त्यात माझं काहीही नव्हतं. ठमाबाईच्या मनात मात्र ते पक्कं बसलं. कुंकवाचे डाग माझ्या कडेला मुरले, आणि हळद तर रोजचीच.

बारा वर्षं अशी गेली. मग एका आषाढात मास्तर गेले. घराला कुलूप लागलं. वाडी भाचेमंडळींनी विकली, आणि खोपटाची जागा तेवढी ठमाबाईला राहिली. मी अंधाऱ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तीन वर्षं उभा होतो. पाली सोडल्यापासून इतका निवांतपणा मला मिळाला नव्हता, पण खोटं कशाला बोलू, मला करमत नव्हतं. झुरळं तेवढी यायची.

तिसऱ्या वर्षी दार उघडलं. मास्तरांच्या विद्यार्थ्यांनी आणि गावातल्या चार जाणत्या मंडळींनी घराचं स्मारक करायचं ठरवलं होतं. स्मारकाचे चिटणीस रामचंद्र गुरुजी. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, सज्जन, काटकुळे, पान खाणारे, आणि अक्षर असं की बघत राहावं. घरातल्या एकेका वस्तूपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहून ठेवली. मास्तरांची काठी. मास्तरांचा चष्मा. मास्तरांची तपकिरीची डबी.

मी मात्र स्वयंपाकघरातच राहिलो असतो. पण गुरुजींना मास्तरांचं एक जुनं पत्र सापडलं. त्यात एक ओळ होती: "आमच्या पाट्यावरचा पिवळा मला कुठल्याही नळीत मिळाला नाही." गुरुजी पत्र घेऊन धावत स्वयंपाकघरात आले, मला उजेडात ओढलं, माझ्यावरचे पिवळे आणि तांबडे डाग पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"नामा! अरे, ह्याच्यावर रंग वाटायचे रे मास्तर!"

नामा म्हणजे स्मारकाचा रखवालदार. तो रेवदंड्याचा, त्याने मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "असंल."

झालं! दोघांनी मला माडीवर चढवलं, धापा टाकत. मधल्या पायरीवर नामाचा पाय घसरला तेव्हा मी गेलोच होतो. माडीवर मास्तरांच्या चित्रांपुढे मला चौरंगावर बसवलं, भोवती दोरी बांधली. वरवंट्याला वेगळं केलं आणि मखमलीच्या तुकड्यावर झोपवलं. पुढे पाटी: "या पाट्यावर कै. मास्तर स्वतः रंग वाटीत. पाट्यावरील पिवळ्या व तांबड्या रंगांचे अवशेष पाहावेत. वस्तूस हात लावू नये."

मग लोक यायला लागले. काय एकेक तऱ्हा! शाळेची मुलं यायची आणि गुरुजींची पाठ फिरली की हमखास हात लावायची. नवी जोडपी माझ्यापुढे उभी राहून एकमेकांकडे बघायची. एका गृहस्थांनी मला बघून डोळेच मिटले आणि म्हणाले, "इथे स्पंदनं जाणवतात." ती माझी भीती होती, दुसरं काही नाही. एकदा अलिबागच्या एक आजी आल्या. वाकून बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, हा तर वाटणाचा पाटा!" त्यांच्या सुनेने त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं.

मला रोज वाटायचं, आज कुणाच्या तरी लक्षात येणार. मग मला वाटायचं, कुणाच्या लक्षात आलं तर गुरुजींचं काय होईल? त्यांनी माझ्यावर एक पुस्तिका लिहिली होती. मुंबईच्या वर्तमानपत्रात माझ्यावर लेख आला होता. आलेल्या पाहुण्याला ते आधी माझ्याकडे आणायचे, चित्रांकडे नंतर.

अशी पाच वर्षं गेली, आणि कार्तिकातल्या एका सकाळी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली.

"ठमाबाय, वहाना खाली काडा. आन् वहीत अंगठा द्या," नामा खालून ओरडत होता.

"मेल्या, ह्या घराच्या भुया मी बारा वर्सं सारवल्या. मलाच अंगठा मागतोस?"

अंगठा देऊनच आली ती. केस पांढरे झाले होते. ती दोरीशी उभी राहिली, मला बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. "आगं बाय, चौरंगावर बसलाय!"

मग गुरुजी आले आणि तिचं हसू गेलं.

"गुर्जी, एक मागनं हाय. परवा सांजंला पाटा द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आनून देते."

"कशाला?"

"मैना बाळातीन झालीय माझ्याकडं. परवा पाचवी हाय."

गुरुजी हसले. "अहो ठमाबाई, पाचवी काय, कुठल्याही पाट्यावर होते की."

"व्हय," ठमाबाई म्हणाली. "झाली ना. दोनदा झाली."

तिने सगळं सांगितलं. मैनाला पेणकडे मिठागरावरच्या घरात दिली होती. पहिलं मूल तिथं तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं पाचवीच्याच दिवशी, शेजारणीच्या पाट्यावर पूजा मांडलेली असताना. ह्या वेळी ती हट्टाने माहेरी आली होती. पोरगी झाली, दिवस भरायच्या आधी, वीतभराची. अंगावर नीट पीत नव्हती. मैना तिच्या छातीवर हात ठेवून बसून होती, श्वास चाललाय का बघत. जेवत नव्हती, झोपत नव्हती, बोलत नव्हती.

"मी तिला सांगितलंय गुर्जी, आपला पाटा येतोय. तू ज्याच्यावर जगलीस, तोच येतोय. तवा कुटं पानी प्याली."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. एका दगडावर!

गुरुजींचा चेहरा पडला. ते खरोखर कळवळले, पण म्हणाले, "ठमाबाई, दुसरं काहीही मागा. परवाच मुंबईच्या कलामंडळाची माणसं येतायत तो न्यायला. मोठं प्रदर्शन आहे, चार महिन्यांचं. मास्तरांचं नाव होईल. त्यांची चित्रं कुणी मागितली नाहीत हो आजवर. हा पाटा मागितला. ज्या पाट्यावर मास्तरांनी रंग वाटले..."

"रंग? मास्तरनी?" ठमाबाई बघतच राहिली. "ह्याच्यावर? आवो गुर्जी, ती हळद हाय! मी वाटायची आन् मास्तर उंबऱ्यात उभं राहून बगायचे. आन् ते तांबडं माझ्या पोरांच्या पाचवीचं कुकू हाय."

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी कपाटातून मास्तरांचं पत्र काढलं आणि ती ओळ तिला वाचून दाखवली.

ठमाबाईने ऐकून घेतलं. "मला वाचता येत न्हाय," ती म्हणाली. "कागदात लिवलंय म्हनता, तर मी काय बोलनार?"

ती उतरून गेली. दारात थांबून तिने नामाला मुंबईची माणसं किती वाजता येणार ते विचारलं.

ते दोन दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. मला जायचं होतं. मैनाला मी पाचव्या दिवसापासून ओळखतो, माझ्याच कडेला धरून ती उभी राहायला शिकली. आणि मला जायची भीतीही तेवढीच होती. समजा गेलो. समजा सगळं मांडलं, आणि पोरगी तरीही... मग? मैनाला धरायला दुसरं काहीच उरणार नव्हतं. मी गेलो नाही तर ती म्हणेल, पाटा आला नाही म्हणून. मी गेलो तर तिला तेवढंही म्हणता येणार नाही.

नामा रोज सकाळी माझ्यावर फडकं मारायचा. पाचवीच्या सकाळी तो फडकं तसंच हातात धरून म्हणाला, "कापसाच्या बोळ्यानं दूध देतायत पोरीला. थेंब थेंब. म्हातारी सारखी वाटेकडं बगतेय." दुसरं कुणी तिथं नव्हतं. तो माझ्याशीच बोलत होता.

दुपारी चारला मुंबईच्या पाहुण्यांची मोटार आली. चष्मा लावलेल्या एक बाई आणि एक टापटीप गृहस्थ. बरोबर लाकडी खोकं, त्यात पेंढा भरलेला. माझ्याच मापाचं. मी त्या खोक्याकडे बघितलं आणि मला ती रेवदंड्याची होडी आठवली.

गुरुजींनी धुतलेला कोट घातला होता. ते बोलायला लागले, पाठ असल्यासारखं. मास्तरांचा जन्म, मास्तरांचं शिक्षण, मग मी. "हा पिवळा पाहा. मास्तरांना बाजारातला रंग कधी पसंत पडला नाही..."

बोलता बोलता ते अडले. जिन्याच्या तोंडाशी ठमाबाई उभी होती. धुवट लुगडं नेसून, अंगठ्याला शाई लागलेली. इतर पाहुण्यांसारखी पाहुणी.

"तुमचं चालू द्या, गुर्जी," ती म्हणाली. "मी बगायला आलेय."

गुरुजी पुढे बोलू लागले, पण शब्द मागेपुढे व्हायला लागले. टापटीप गृहस्थ खोक्यातला पेंढा सारखा करत होते. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. सांज व्हायला आता तास-दीड तासच होता.

मग ठमाबाई हळूच म्हणाली, "गुर्जी, चुना लावून बगा."

"काय म्हणतायत त्या?" चष्म्याच्या बाईंनी विचारलं.

पण त्या खोलीत पान खाणारा प्रत्येक माणूस समजला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. रंगाच्या नळीतला पिवळा तसाच राहील. गुरुजींच्या कोटाच्या खिशात चुन्याची डबी असायचीच.

गुरुजी उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला त्यांची इतकी दया आली! त्यांनी डबी काढली नसती तर कुणी विचारलंही नसतं. त्यांनी ती काढली. दोरी ओलांडली. नामाच्या तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून माझ्या खड्ड्यातला पिवळा ओला केला आणि वर चिमूटभर चुना चोळला.

बोटाखाली लाल झालं. चांगलं ठसठशीत लाल.

गुरुजी त्या लाल डागाकडे बघत वाकूनच राहिले.

"म्हणजे ही हळद?" चष्म्याच्या बाई पुढे झाल्या. मला वाटलं, सुटलो. कुठलं काय! त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "म्हणजे मास्तर हळदीपासून रंग करीत होते! हे तर आणखी मोलाचं आहे. आजवर कुणाला माहीत नाही. उचला, उचला, धक्क्यावरची मुंबईची लाँच चुकेल."

टापटीप गृहस्थांनी माझ्याखाली हात घातले. मी चौरंगावरून उचललो गेलो. ठमाबाईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. एवढा घाबरलो मी पाथरवटाच्या छिन्नीखालीसुद्धा नव्हतो.

"थांबा," गुरुजी म्हणाले.

सगळे थांबले.

"मास्तरांनी हळदीचा रंग केला नाही. मास्तरांनी ह्याच्यावर काहीच केलं नाही. हा स्वयंपाकघरातला पाटा आहे. ह्या बाई ह्याच्यावर रोजचं वाटण वाटायच्या."

"पण ते पत्र? तुमच्या पुस्तिकेत आहे..."

"पत्रात 'मिळाला नाही' असं लिहिलंय," गुरुजी म्हणाले. "शंभर वेळा वाचलं मी. मिळाला नाही. ते नुसते उंबऱ्यात उभं राहून बघायचे. ही बाई हळद वाटायची, आणि तो रंग काही त्यांना कधी जमला नाही. एवढंच लिहिलंय त्यांनी. बाकीचं मी घातलं. चूक माझी आहे."

चष्म्याच्या बाईंनी चष्मा पुसला, आणि टापटीप गृहस्थांनी मला खाली ठेवलं. निघताना त्या सभ्यपणे म्हणाल्या, "कळवू आम्ही." रिकामं खोकं त्यांनी परत नेलं. भिंतीवरची चित्रं त्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत.

मोटारीचा आवाज गेला. गुरुजी खिडकीशी जाऊन बाहेर थुंकले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "नामा, उचल."

"वस्तू भाईर गेली म्हंजे रजिस्टरात लिवायला लागतं, गुर्जी. काय लिवू?"

"लिही: पाटा, बाळंतिणीकडे."

नामाने मला खांद्यावर घेतलं. वरवंटा गुरुजींनी स्वतः दोन्ही हातांनी उचलला आणि आमच्या मागून चालू लागले. ठमाबाई पुढे पळत होती, अक्षरशः पळत. मध्येच थांबून मागे बघायची आणि ओरडायची, "नामा, दगड हाय पायाखाली, बग! हळू रे!" सुपाऱ्यांच्या मधून ऊन गेलं होतं. दारात आल्यावर गुरुजींना काहीतरी आठवलं. सटवाईपुढे कोरा कागद लागतो. ते अभिप्रायाची वही काखेत घेऊनच आले होते. त्यांनी तिच्यातलं एक कोरं पान फाडून दिलं, आणि खिशातलं आपलं फाउंटन पेनही.

आत ओव्याचा धूर होता. मैना भिंतीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, हात पोरीच्या छातीवर. मला आणताना तिने बघितलं. उठायचा प्रयत्न केला.

"आये, तोच काय गं?"

"तोच. हात लावून बग. ही कड बग, इथं तू दात मारलावतास."

तांदळाची रास घातली, तिच्यावर मला ठेवलं. वरवंटा माझ्यावर. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, बाजूला विळा, पुढे कागद आणि पेन. दिवा लागला. सगळ्यांनी हात जोडले. मैना माझ्याकडे बघत होती. जन्मभर इतक्या आशेने माझ्याकडे कुणी बघितलं नाही आणि मला एवढी लाज कधी वाटली नाही. मैना, पोरी, माझ्याकडे बघू नकोस, पोरीकडे बघ! हे मला म्हणायचं होतं. पण मला कुठलं बोलता येतंय.

पोरगी त्या वेळी रडतसुद्धा नव्हती. नुसती तोंड उघडायची आणि मिटायची.

रात्रीचं मी काही सांगत नाही. मला तिथलं काही बघवलं नाही, एवढं खरं.

उजाडलं तेव्हा आधी मला कोंबड्याचा आवाज आला, मग एक चिरका, रागीट, बारीकसा आवाज. पोरगी रडत होती. चांगली हातपाय झाडून. मैनाने तिला छातीशी घेतलं आणि आवाज एकदम थांबला. ठमाबाई चुलीपाशी उभी होती, ती जागच्या जागी उभीच राहिली. बराच वेळ नुसता चुटूचुटू आवाज येत होता.

मग मैना म्हणाली, "आये, भूक लागलीय. मला काय तरी दे खायला."

ठमाबाईने तोंडाला पदर लावला. मग वळली, फुलं बाजूला केली, मला तांदळावरून खाली घेतलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि लसूण-खोबरं वाटायला घेतलं. आठ वर्षांनी! पाथरवटाने इतक्या वर्षांत टाकी मारून मला खडबडीत केलं नव्हतं, मी गुळगुळीत झालो होतो, वाटण सारखं निसटत होतं, आणि ती वाटता वाटता रडत होती आणि मला शिव्या देत होती.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरीचं नाव येसू ठेवलंय. ती आता माझ्यावर बसते आणि ओरडा खाते. गुरुजींनी मला परत मागितलं नाही. महिन्यातून एकदा ते येतात, ठमाबाईच्या हातचं कालवण जेवतात आणि मास्तर उंबऱ्यात कसे उभे राहायचे ते तिला पुन्हा पुन्हा विचारतात.

पण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. मैनाची पोरगी वाचली हे गावभर झालं. आता कुणाच्याही घरी पाळणा हलायचा असला की माणूस आधी माझ्याकडे येतो. चौलातून नेतात, रेवदंड्याला नेतात. दर वेळी तीच फुलं, तोच दिवा आणि तशाच बघणाऱ्या बायका. आणि दर वेळी मी तोच दगड.

गेल्या पावसाळ्यात खालच्या आळीतल्या जनीने मला नेलं होतं. तिचं बाळ पाचवीच्या दुसऱ्या दिवशी गेलं. तापलं होतं म्हणे तीन दिवस; पूजा झाली की उतरेल म्हणून कुणी दवाखान्यात नेलं नाही. जनी ओल्या बाळंतपणात स्वतः मला परत घेऊन आली. धुऊन, पुसून. ओसरीवर ठेवलं आणि म्हणाली, "ठमाबाय, पाट्याचा काय दोष न्हाय हां." तिने मला विहिरीवर आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ठमाबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघत बसली होती.

म्हणून जोडायला हात नाहीत तरी तुम्हाला सांगतो. मला न्या, हळद लावा, फुलं वाहा, माझी ना नाही. पण माझ्या भरवशावर पोराला ठेवू नका. मी तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो.

आज सकाळी भागोजी म्हणून एक जण आला. सून काल बाळंत झाली, पोर अंगावर पीत नाही, अंग गरम लागतंय. पाचवीला अवकाश आहे, पण पाटा आधीच नेऊन ठेवतो म्हणाला. ठमाबाईने माझ्याकडे हात केला, त्याने मला उचलून डोक्यावर घेतलं.

"नर्सबायला सांगितलंस काय?" ठमाबाईने विचारलं.

"आदी पाटा घरी नेतो, मंग जातो."

"मंग ठेव तो खाली."

"आवो ठमाबाय..."

"ठेव म्हनते ना! दगड हाय तो. आदी नर्सबायला घेऊन ये, मंग ने."

त्याने मला ओसरीवर ठेवलं आणि रेवदंड्याच्या वाटेने पळत गेला. ऊन आता अंगणात आलंय. ठमाबाई वाटेकडे बघतेय, मीही बघतोय. भागोजी अजून आला नाही.